दंडावरची पकड

हे घडलेलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, मला कुणाची मनधरणी करायची नाही.

आणि रात्र वगैरे नव्हती. मागच्या उन्हाळ्यातली भर दुपार होती. चाकणमधल्या एका लहान हॉस्पिटलचा बायकांचा वॉर्ड.

नर्सिंग पास होऊन मी नुकतीच तिथे लागले होते. आई त्याआधी काही महिने गेली. माझा युनिफॉर्म तिने पाहिलाच नाही.

त्या दुपारी भिमाबाई नावाच्या आजींचं रक्त घ्यायचं होतं. ऑपरेशननंतर त्या गुंगीत होत्या. मी त्यांच्या दंडाला रबरी पट्टा बांधला, शीर शोधली, रक्त घेतलं. तेवढ्यात पलीकडची बाई ओकायला लागली. मी धावले. तिथून आणखी कुणीतरी हाक मारली.

मग चादरी आणायला मागच्या खोलीत गेले. एकटीच.

आणि... कुणीतरी माझा दंड धरला.

मागून. घट्ट.

मी वळले. कुणी नव्हतं.

पकड सुटेना. हाताला मुंग्या आल्या. बोटं गार पडली... नखं निळी दिसायला लागली.

तेव्हा आठवलं.

पट्टा!

पळत जाऊन आजींच्या अंगावरची चादर ओढली. हात जांभळा, थंडगार. मी पट्टा सोडला...

त्याच क्षणी माझा दंड मोकळा झाला.

आजींच्या बोटांत हळूहळू रंग परतला. कुणी पाहिलं नव्हतं. पट्टा खिशात टाकला की विषय संपला. नोकरीही वाचली.

हात खिशाकडे गेला... आणि पकड पुन्हा आली. या वेळी पार हाडापर्यंत.

"कळलं," मी पुटपुटले. "सांगते. सोड."

इन्चार्ज विजयश्री सिस्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आजींचा हात तपासला. इजा नव्हती. आजींचा मुलगा साहेबराव मात्र भडकला.

"शिकाऊ पोरगी माझ्या आयच्या अंगावर सोडली व्हय? काढा हिला!"

"चूक माझीच आहे, दादा. पण मी कुठे जाणार नाही. आजींचा हात संध्याकाळपर्यंत मीच बघणार."

"तोरा बघा हिचा!"

"ए सायब्या, गप," आजी डोळे न उघडताच म्हणाल्या. "तिनं सांगितलं म्हून तुला कळलं न्हवं?"

सिस्टर मला बाजूला घेऊन गेल्या. "दंड का चोळतेस गं? दाखव."

बाही वर केली. वळ उठले होते. अंगठा... आणि तीन बोटं. तर्जनीच्या जागी काहीच नव्हतं.

"कुणी मारलं तुला?"

मी बाही खाली ओढली.

आईची तर्जनी भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली गेली होती. सुपरवायझर म्हणाला, चूक तुझीच. जखम भरल्यावर आई पुन्हा त्याच मशीनवर उभी राहिली. "घाबरून घरी बसू? पोरीला नर्स करायचीय मला," म्हणाली होती.

त्यानंतर माझ्या हातून चुका झाल्याच नाहीत असं नाही. प्रत्येक वेळी पकड आली. मी चूक शोधली, सांगितली, बोलणी खाल्ली. मग ती सुटली.

पण परवा दुपारी पुन्हा आली...

मी एकेक खाट पाहिली. सलाइन, औषधं, पट्टे. सगळं जागच्या जागी.

"काय शोधतेस?" सिस्टरांनी विचारलं.

"माझी चूक."

"नाहीये काही. बस जरा."

दंड अजून सुटलेला नाही. हे लिहितानाही बोटं गार आहेत. आणि या वेळी बोटं मोजायला वळच उठलेले नाहीत... म्हणजे ही आई आहे की आणखी कुणी, ते कळायला मार्ग नाही.

जी कुणी असेल तिने ऐकून ठेवावं. उद्या माझी सकाळची शिफ्ट आहे.

मी जाणार.