गुरुवारची अदलाबदल

मी गाडी लावून आत आले, तर एक अनोळखी माणूस माझ्या बाबांच्या गळ्याला वस्तरा लावून उभा!

"अहो—! काय करताय हे?"

"दाढी," तो म्हणाला. वळून बघितलंही नाही. "ओरडू नका. माझा हात हलेल."

बाबांच्या फेसाळ तोंडावर हसू होतं... किती दिवसांनी! मी मात्र पर्स छातीशी धरून दारातच उभी होते. हल्ली मला सगळ्याचीच भीती वाटायची. बाबांचा कॅन्सर फुफ्फुसांत पसरला होता. 'आता फक्त आराम द्या,' असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून रात्री मी त्यांच्या श्वासाकडे कान लावून पडायचे. वाकडच्या आमच्या अकराव्या मजल्यावर लिफ्टचा आवाज आला तरी दचकायचे.

मोशीचं हे केंद्र बाबांसारख्यांसाठीच होतं. इथून कुणी बरं होऊन जाणार नव्हतं. पण दिवसभर त्यांचं दुखणं हलकं करायचं, गप्पा मारायच्या, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांनाही जरा टेकू द्यायचं.

"अगं ऋचा, घाबरलीस का?" विजयश्री सिस्टर हसत आल्या. "गुरुवारी आपल्याकडे अदलाबदल असते. मुरारी तुझ्या बाबांपाशी, तू त्याच्या आईपाशी. घरच्यांना त्रास नको म्हणून पेशंट पोटातलं बोलत नाहीत. परक्यापाशी बोलतात."

खिडकीशी एक सुरकुतलेली आजी बसली होती. तानाबाई, महाळुंग्याच्या.

"ये पोरी. भिऊ नगंस. लेक हाय माझा त्यो. कंपनीत गाड्यांना रंग मारतो, तवा हात साफ हाय त्याचा."

दुपारी अंगणात तो चहा घेऊन आला.

"तुमचे बाबा म्हणाले, तुम्ही चहा फार वाईट करता."

"त्यांनी तुम्हाला हे सांगितलं?"

"पोटातलं बोलतात ना परक्यापाशी!"

"बरं! मग तुमच्या आई म्हणाल्या, तुम्ही इतकं घोरता की शेजारची म्हैस उठते."

"म्हैस... म्हैस विकली कधीच," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. घोरणं मात्र नाकारलं नाही.

मग गुरुवार येत राहिले. तो रात्रपाळी करून, डोळे तांबारलेले, तरी हसत यायचा. 'अहो' कधी गळून पडलं, कळलं नाही. साबणाचा वास आला की मला तो आल्याचं कळायचं आणि मी उगाच ओढणी सारखी करायचे.

एका गुरुवारी कोपऱ्यातली, साहेबराव आजोबांची खुर्ची रिकामी होती. त्यांची सून मला लोकरीचं विणकाम शिकवत होती. ती पुन्हा आली नाही. कशाला येईल? तिचं इथे येण्याचं कारणच उरलं नव्हतं.

अर्धवट विणलेला मोजा हातात धरून मी गार पडले. आमचंही असंच होणार... तानाबाई गेल्या, नाहीतर बाबा गेले, की आमचा गुरुवार संपला. त्या रात्री 'देवा, तानाबाईंना अजून थोडे दिवस दे' म्हणताना मी घाबरून थांबले. कुणासाठी मागत होते मी? त्यांच्या दुखण्याची मुदत वाढवून मागत होते?

"काय झालंय तुला?" मुरारीने विचारलं.

"भीती वाटते."

"कसली?"

मी खुर्चीकडे बघितलं. त्यानेही बघितलं. मग बराच वेळ तो पुसलेलाच वस्तरा पुसत बसला.

"मला पण," तो हळूच म्हणाला.

दिवाळीनंतर तानाबाई अगदीच बारीक झाल्या. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते.

"पोरी, मी न्हाई म्हटल्यावर ह्यो जेवायचा न्हाई बघ. भाकरी नि शेंगदाण्याची चटणी, येवढंच लागतं त्याला. तू बघशील न्हवं?"

माझा हात थांबला. 'हो' म्हटलं तर त्या जाणार हे मीच कबूल केलं असं होईल... मी खाली मान घालून तेल चोळत राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी सिस्टर दारातच उभ्या होत्या.

"पहाटे गेल्या गं. झोपेतच. दुखलं नाही काही."

मी महाळुंग्याला गेले, पण त्या गर्दीत तो दूर, वाकून बसलेला. बोलायला धीर झाला नाही. नंतर फोन करावासा वाटायचा, बोट नावावर जायचं आणि मागे यायचं. काय म्हणू?

त्यानंतरचे काही गुरुवार असेच गेले. मी डब्यात वेड्यावाकड्या भाकऱ्या आणि चटणी घेऊन जायचे, डबा तसाच परत आणायचे. बाबांची दाढी वाढली.

"दुसऱ्या कुणाकडून करू या का, बाबा?"

"मुरारी येईल."

"तो आता कशाला येईल?"

बाबा दमून श्वास घेत होते. "तू... फारच घाबरतेस गं."

आणि त्या दिवशी, साबणाचा वास आला.

मुरारी दारात उभा होता. डोक्यावर नुकते फुटलेले केस, गाल बसलेले, हातात दाढीचं सामान. तो सरळ बाबांपाशी आला आणि ब्रश भिजवून त्यांच्या गालांवर फेस चढवू लागला.

"तू... कसा आलास?"

"गुरुवार आहे ना."

"पण अदलाबदलीला... तुझं माणूस तर..."

"नाही राहिलं," तो म्हणाला. ब्रश वाटीतच फिरत राहिला. "म्हणून... तू माझ्यापाशी बसशील का? आई म्हणाली होती, तुला काहीतरी विचारलंय. तू उत्तर दिलं नाहीस म्हणाली."

बाबांचा श्वास घरघरत होता. ही खुर्चीही एक दिवस... मला माहीत होतं. भीती तशीच छातीत बसून होती. मी तिच्यासकट बोलले.

"जेवलास?"

त्याने मान हलवली. "न्हाई."

मी डबा उघडला. भाकरी मोडली, चटणी लावली. त्याचे दोन्ही हात फेसाने भरलेले. घास मीच त्याच्या तोंडापाशी नेला आणि त्याने तो खाल्ला.

बाबांनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि फेसातल्या फेसात हसत डोळे गच्च मिटून घेतले.