फकिराची बारा मिनिटं

बंद पडलेल्या कंपनीतल्या खुर्च्या मोजणं हा माझा धंदा. हसू नका. कोर्ट कंपनीवर एक माणूस नेमतं, तो माणूस मला नेमतो, आणि मी रजिस्टर घेऊन तिथं जातो. खुर्च्या, टेबलं, पंखे, एसी, अगदी कचऱ्याच्या बादल्यासुद्धा. प्रत्येक वस्तूपुढं दोनच शेरे, 'चालू स्थितीत' नाहीतर 'खराब'. वीस वर्षांत मला तिसरा शेरा लागला नव्हता.

२०१६ च्या मे महिन्यात 'घाटवाणी मीडिया'चं काम माझ्याकडं आलं. शहराला तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडं चार मजली काचेची इमारत आणि तिसऱ्या मजल्यावर चॅनेलचं ऑफिस. गावाकडच्या बातम्या, शेतीचे कार्यक्रम, लोकगीतं असं सगळं दाखवायचे. मालकानं खेडोपाडी फिरून शेअर विकले, बँकांची कर्जं उचलली, मुंबईला दुसरं ऑफिस थाटलं आणि एका सकाळी पडदा काळा झाला तो झालाच.

जिन्यावर रोज वीस-पंचवीस शेअरवाले बसलेले असायचे. शेअरचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी मांडीवर. कुणी कन्नडहून जीपनं यायचा, कुणी फुलंब्रीहून एसटीनं. फुलंब्रीचे काकासाहेब तर माझ्या आधी हजर. त्यांची दोन एकर जमीन रस्त्यात गेली होती आणि तिचे पैसे ह्या कागदात.

"भारतसाहेब, आमचं काय?" ते रोज विचारायचे.

मी टँकरचं उदाहरण द्यायचो. त्या साली ते सगळ्यांना पटकन कळायचं. "काका, आधी बँका भरणार, मग कामगार, मग सरकार, मग उधारीवाले. तुम्ही रांगेत शेवटी. तुमच्यापर्यंत टँकर रिकामा होणार."

"कंपनीचे मालक म्हनून कागद दिला, अन् रांगेत मालकच शेवटी व्हय?"

मला राग यायचा. त्यांचा नाही, पण निघायचा त्यांच्यावरच.

इमारतीची बोअर मार्चमध्येच आटली होती. आठवड्याला दोन टँकर यायचे, तेही मर्जी असली तर. मी स्वतःच्या पैशानं पाण्याचे दोन जार आणून टेबलाखाली ढकलून ठेवले होते, एक माझा, एक मोनिकाचा. मोनिका म्हणजे चॅनेलची एडिटर. बिचारीचा सात महिन्यांचा पगार बुडालेला, पण किल्ल्या तिच्याकडं म्हणून रोज येत होती. दिवसभरात दहा जण दारात येऊन पाणी मागायचे. मी रजिस्टरमधून मान वर न करता सांगायचो, "नाही." एकाला दिलं की पंचवीस उठले असते. हे बरोबर होतं असं मला तेव्हा वाटायचं.

त्या सोमवारी चतुराबाई आली. साठीची, काटक बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कन्नडच्या पुढं घाटाच्या तोंडाशी धनगरांची वस्ती आहे, तिथली. दारात थांबून तिनं आधी खिडकीतून खाली पार्किंगकडं बघितलं.

"हितं हीर व्हती," ती म्हणाली. "बुजवली जनू."

मग तिनं कागद काढला. शंभर शेअर, नाव फकिरा. तिचा नवरा. नाव ती तोंडानं घेत नव्हती, कागदावर बोट ठेवत होती. २०११ साली चॅनेलवाले वस्तीवर आले, त्याची ओवी रेकॉर्ड केली आणि बिदागी म्हणून पैशांऐवजी हा कागद दिला. पुढं तेराच्या दुष्काळात फकिरा दीडशे मेंढ्या घेऊन घाटाखाली चाळीसगावकडं उतरला, तो परत आला नाही. माणूस नाही, मेंढी नाही, कुत्रं नाही. पोलिसांनी बेपत्ता म्हणून लिहून घेतलं.

"बाई, सात वर्षं झाल्याशिवाय कायद्यानं तो मेला म्हणता येत नाही," मी म्हणालो. "आणि तोवर शेअर तुमच्या नावावर होत नाहीत."

"मेले नायती म्हनूनच आले," ती म्हणाली. "पैशे नको साहेब. कंपनीत आमचा वाटा हाय ना? मंग आमचा वाटा द्या. त्येंचा आवाज."

कपाटात चारशे बारा कॅसेट होत्या, काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या. आठ दिवसांनी सगळ्यांचा लिलाव. एक मुंबईची पार्टी येणार होती, कॅसेट पुसून पुन्हा विकणारी. दोनशे सतरा नंबरवर लिहिलं होतं, 'फकिरा, कन्नड, बारा मिनिटं.' देणं शक्य नव्हतं, पण चालते का ते तपासायला मला वाजवायचीच होती. म्हटलं, ऐकू दे बाईला एकदा.

रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना स्पंज लावलेला. दार लावलं की बाहेरचा हॉर्नसुद्धा आत यायचा नाही. मोनिकानं कॅसेट लावली. पडदा काळाच राहिला.

"कॅमेऱ्याचं झाकण काढायचं विसरले वाटतं," मी म्हणालो.

मग आवाज आला. गळ्यातल्या घंट्या, पुष्कळ. खडीवर खुरं. कुणीतरी खोकलं, मेंढ्यांना हाळी दिली. एक ट्रक लहान गिअरमध्ये रडत चढत गेला. मग एक थकलेला आवाज: "पानी हाय का वो?" कुणी उत्तर दिलं नाही.

"घाट चढत्यात," चतुराबाई म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा इतका सुखावला होता की मलाच अवघडल्यासारखं झालं. "वर येत्यात."

ती गेल्यावर मोनिका हळूच म्हणाली, "सर, ये वो रेकॉर्डिंग नहीं है. मी स्वतः एडिट केलंय ते. लिंबाखाली बसून बिरोबाची ओवी म्हणतात ते आजोबा. चित्र होतं. चालतबिलत कुठं नव्हते."

"कॅसेटची अदलाबदल झाली असेल," मी म्हणालो आणि रजिस्टरला लिहिलं, चालू स्थितीत.

बुधवारी ती पुन्हा आली. मी नाही म्हणणार होतो, पण मला स्वतःलाच खात्री करायची होती. तीच कॅसेट, तोच नंबर. घंट्या होत्या, पण खडी नव्हती. माती होती, आवाज दबलेला. लांबून पिठाच्या गिरणीची फटफट आली आणि चतुराबाई ताडकन उठली.

"आमच्या वस्तीची गिरनी!" तिनं मोनिकाचा हात धरला. "काल रातभर वस्तीवरलं कुत्रं लई भुकलं गं. म्या भाईर नाय आले. घरावरनं गेले अन् म्या उठले नाय!"

पडद्यावर अंधार होता. फकिरानं कुणालातरी पाणी विचारलं. एक बाई म्हणाली, "आमालाच नाय बाबा." घंट्या पुढं गेल्या.

मी वैतागलो. कुणीतरी खोडी करतंय, दुसरं काय? कॅसेटवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर आडवी सही केली, कपाटाला माझं कुलूप लावलं, किल्ली घरी नेली.

गुरुवारी पट्टी जशीच्या तशी होती. सही माझीच. वाजवली. डांबरी रस्ता, गाड्या, आणि मधेच बिगूल. शहराच्या तोंडाशी लष्कराची छावणी आहे, तिथला बिगूल मी ओळखतो, दहा वर्षं त्याच भागात भाड्यानं राहिलोय. पाणी मागितल्याचा आवाज आला आणि कुणीतरी म्हणालं, "पानी नहीं है चाचा, आगे जाओ."

मोनिकानं मशीन बंद केलं. "सर, मला नाही राहायचं इथं," ती म्हणाली, पण गेली नाही.

"हितंच येत्यात," चतुराबाई म्हणाली. "ही काचंची माडी हाय ना, हितं रान व्हतं. सालोसाल चैतात आमचा मुक्काम हितं पडायचा. रातच्याला खतासाठी मेंढ्या रानात बसवायचो, मालक ज्वारी द्यायचा. हिरीला बारमाही पानी. त्येंना वाटतंय, हीर हाय." मग ती उठली आणि मी 'अहो बाई' म्हणेपर्यंत माझ्या पायाशी वाकली. "कॅसेट द्या साहेब. आवाज घरी असला तर घरी येतील. हितं येऊन काय करतील? हितं त्येंना कोन वळखतंय?"

मी तिला धरून उठवलं. पण दहा वाजल्यापासून जिन्यावर पंचवीस माणसं बसलेली, प्रत्येकाचं काहीतरी आत अडकलेलं. मी म्हणालो, "चारशे बारा लिहिल्यात बाई. चारशे अकरा करता येत नाहीत."

ती जिना उतरून गेली. रात्री म्हणे तिथंच, खाली पार्किंगमध्ये झोपली.

शुक्रवारची सकाळ घाईची होती. सोमवारी लिलाव. मी मोनिकाला यादी वाचून दाखवत होतो आणि ती टिकमार्क करत होती. टँकर आला नव्हता. जिन्यावरचे लोक चिडलेले, दारात सारखं कुणी ना कुणी. मी कुणाकडं बघितलं, कुणाला काय म्हणालो, मला आठवत नाही. अकराच्या सुमाराला चतुराबाई वर आली.

"आता लावा," ती म्हणाली. "शेवटचं."

लावली.

सुरुवातीला रहदारी. मग ती एकदम दबली, माणूस इमारतीत शिरल्यावर दबते तशी. घंट्या खाली राहिल्या. जिन्यावर काठी वाजू लागली. एकेक पायरी.

मधे काकासाहेबांचा आवाज आला. "शेवटी व्हय, मालकच शेवटी?" दोन-चार जण हसले.

काठी वर येत राहिली.

मग पंख्याची घरघर. माझ्या टेबलावरच्या पंख्याची. त्याचं एक पातं वाकलेलं आहे.

मग माझाच आवाज. "खुर्च्या अडतीस. एकीचा पाय मोडका. लिही, खराब."

मोनिकानं माझ्याकडं बघितलं. हे वाक्य मी दीड तासापूर्वी बोललो होतो.

काठी थांबली.

"साहेब, घोटभर पानी मिळंल का? मेंढरं खाली हायती. मला नको, त्येंना."

"नाही," मी म्हणालो. कॅसेटमध्ये. "पुढं बघा."

थोडा वेळ नुसता पंखा.

मग काठी उतरू लागली. घंट्या हलल्या, लांब गेल्या, आणि शेवटी खोलीत कॅसेट फिरल्याचा बारीक आवाज तेवढा राहिला.

मी सकाळपासूनचे चेहरे आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवेना. मी मान वरच केली नव्हती.

मी धावत जाऊन जार ओढला, पेला भरला. अर्धं पाणी हातावर सांडलं. चतुराबाईनं पेल्याकडं नुसतं बघितलं. मग मी मशीनमधून कॅसेट काढून तिच्यापुढं धरली. "घेऊन जा. यादीचं मी बघतो. जा, बाई."

"नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवलं नाही. "त्यात आता त्ये नायती. त्यात तुमी हायेत. तुमचं तुमी ठेवा."

शंभर शेअरचा कागद तिनं टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेली. मी जिन्यावरच्या सगळ्यांना विचारलं, सकाळी घोंगडीवाला कुणी आला होता का? काकासाहेब म्हणाले, "साहेब, हितं कोन कुनाकडं बघतंय?" जिन्यात मात्र ओल्या लोकरीसारखा वास होता. मेच्या उन्हात, पाणी नसलेल्या इमारतीत.

दोन्ही जार मी त्या दिवशी जिन्यावर वाटून टाकले. आता त्याचा काय उपयोग?

सोमवारी लिलाव झाला. कॅसेट चारशे अकरा. दोनशे सतरापुढं मी 'खराब' लिहिलं. माझ्या नोकरीतला एकमेव खोटा शेरा, आणि तो मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी लिहिला. शेअरवाल्यांना शेवटी काहीच मिळालं नाही. काकासाहेब दोन वर्षांनी वारले. मोनिका पुण्याला गेली. कन्नडला मी दोनदा जाऊन आलो, वस्तीवर चतुराबाईच्या घराला कुलूप होतं.

कॅसेट सिडकोतल्या माझ्या घरी कपाटात आहे. ती वाजवायचं मशीन माझ्याकडं नाही, मी घेतलंही नाही. त्या शुक्रवारी ती शेवटपर्यंत वाजली होती, त्यामुळं छोट्या खिडकीतून बघितलं की सगळी पट्टी उजव्या चकतीवर दिसायची. इतकी वर्षं तशीच होती.

यंदा पाऊस कमी झाला. पाणी आता आठव्या दिवशी येतं. गुढीपाडव्याला मी कपाट आवरताना कॅसेट हातात घेतली, तर सगळी पट्टी डावीकडं होती. पहिल्यापासून सुरू व्हायला तयार.

तेव्हापासून मी दाराबाहेर माठ भरून ठेवतो, शेजारी पेला. घरात कमी पडलं तरी. बायको म्हणते, तिसऱ्या मजल्यावर कोण येणार आहे पाणी प्यायला? मी सकाळी दाराकडं तोंड करून बसतो आणि पेपर वाचत नाही.

काल उजव्या चकतीवर पाच-सहा वेढे होते. आज निम्मी पट्टी सरकली आहे.