खूण न देता टाकलेला ड्रॉप

ही गोष्ट सांगताना माझी मान अजून खाली जाते. तरी सांगते, कारण खरं बोलायला मी आधीच आठ दिवस उशीर केला होता.

पृथ्वीराजची आणि माझी ओळख झाली ती कपड्यांच्या बादलीमुळे. मार्चमधली संध्याकाळ. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर मी एकटीच सॉफ्टबॉलचा ड्रॉप घोटत होते. शेजारच्या अक्कम्मांची गच्ची आमच्या गच्चीला लागूनच, मध्ये फक्त गुडघ्याएवढा कठडा. मी आमच्या टोकाला उभी राहायचे आणि त्यांच्या टोकाला भिंतीवर एक पोतं टांगलेलं असायचं. बॉल कठड्यावरून सरळ जायला हवा आणि पोत्यापाशी पोचता पोचता गपकन खाली बसायला हवा. पाऊल आखूड टाकायचं, खांदा पुढे, आणि सोडताना बोटं शिवणीवरून वर ओढायची. फिरकी बरोबर पडते का ते दिसावं म्हणून बॉलवर मी लाल नेलपॉलिशचा पट्टा ओढला होता. पट्टा सरळ फिरला तर ठीक. त्या दिवशी तो डुगडुगला आणि बॉल थेट साबणाच्या पाण्यात.

बादलीमागून एक लांबट चेहरा वर आला. भुवईवर फेस.

"ह्यो हितं बुडायला शिकवलाय, का चुकून बुडाला?"

"चुकून. खाली पडायलाच शिकवतेय, पण जरा अलीकडं."

"मग निम्मा शिकलाय की."

त्याने बॉल शर्टाला पुसून परत दिला. शर्ट नुकताच धुतलेला होता, आणि आता त्यावर गच्चीची धूळ लागली होती. मला कसंतरीच झालं.

तो अक्कम्मांचा नवा भाडेकरू. गाव बार्शीकडचं. नवी पेठेतल्या एका लॅबमध्ये तो कवळ्या आणि खोटे दात बनवायचा. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. विद्यापीठाच्या संघात जायचं तर ड्रॉप पक्का हवा, असं सरांनी बजावलं होतं. हे ऐकल्यावर तो म्हणाला, "पोतं काय सांगणार तुमाला? मी बसतो की पकडायला." आणि माझा जुना ग्लोव्ह उलट्या हातात घालून बसला.

तोंडाला जाळी नाही, छातीला काही नाही. म्हणून आम्ही एक नियम केला. मैदानात खूण कॅचर देतो, आमच्या गच्चीवर ती मी द्यायची. ड्रॉप टाकण्याआधी ग्लोव्हने मांडीवर दोनदा थापटायचं. थापटलं की त्याने ग्लोव्ह कोब्याला टेकवून हनुवटी छातीशी घ्यायची.

दोन महिने असे गेले. सोलापूरचं ऊन उतरायचं, कोबा मात्र तापलेलाच असायचा आणि तो खाली गोणपाट टाकून बसायचा. एकदा त्याने लॅबमधून गुलाबी मेण आणलं, ऊन करून बॉलभोवती लावलं आणि म्हणाला, "धरा. कुटं बोट बसतं ते बघू." मी धरलं. मेण गार झाल्यावर माझ्या बोटांच्या खळग्यांत त्याने स्वतःची बोटं ठेवून पाहिली. एक… दोन… तीन…

"लई बारीक बोटं हायत तुमची," तो म्हणाला.

"मग काढा की तुमची."

"काढतो की… काय घाई हाय?"

मी हसले, आणि मग त्या दिवशी एकही बॉल धड पडला नाही.

आमच्यात तसं बोलणं कधीच झालं नाही. पण मला वाटायचं, झालंय. आणि तो शनिवार आला. त्याने ग्लोव्ह घातला आणि सहज म्हणाला, "उद्या न्हाय जमायचं मला. बार्शीला जायचंय."

"काय काम?"

"मामांनी मुलगी बघायला बोलावलंय."

"बरं," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत होता. काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत होता, हे मला आत्ता कळतं. मी बॉल हातात फिरवला. ग्लोव्ह मांडीकडे नेला आणि… थांबवला. विसरले नाही मी. थांबवला. त्याचा बॉल सुटावा, त्याची जरा फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. पाऊल आखूड टाकलं, बोटं वर ओढली. पट्टा एकदम सरळ फिरला. त्या दोन महिन्यांतला माझा सगळ्यात चांगला ड्रॉप.

बॉल त्याच्यापुढे कोब्यावर आपटला आणि उसळून तोंडावर बसला. समोरचा अर्धा दात गेला.

रक्त बघून मी किंचाळले. अक्कम्मा धावत वर आल्या आणि त्यालाच झापायला लागल्या, "येत न्हाय ते काम कशाला करतो रे तू?" रुमाल तोंडाला लावून तो म्हणाला, "तिचं काय चुकलं न्हाय. माझंच ध्यान नव्हतं."

आणि मी गप्प राहिले.

बार्शीचं बघणं पुढच्या रविवारवर गेलं. सुजलेल्या ओठाने कोण मुलगी बघायला जाणार? आईने त्याच्यासाठी रोज मऊ खिचडी केली आणि मलाच न्यायला लावली. मी दारात डबा ठेवून पळायचे. एकदा आतून त्याचा आवाज ऐकला. फोनवर कुणाला तरी सांगत होता, "तिनं दोनदा थापटलेलं मला दिसलंच न्हाय बघ. असा कसा वेंधळा मी." डबा माझ्या हातात होता. मला माझी लाज वाटली, इतकी की आरशात बघून वेणी घालणंही नकोसं झालं. सरांना सांगितलं, मनगट दुखतंय. तेही खोटंच.

पुढच्या शनिवारी तो स्वतःच गच्चीवर आला. ग्लोव्ह काखेत. हसला तेव्हा समोर खिंडार.

"आठ दिस झाले, बॉल न्हाय टाकला तुमी. माझ्या वेंधळेपणापायी तुमी का थांबायचं?"

"मी खूण दिली नव्हती," मी म्हणाले.

"काय?"

"तुम्ही वेंधळे नाही. मी थापटलंच नव्हतं… मुद्दाम."

तो कठड्यावर बसला. ग्लोव्ह काखेतून काढून शेजारी ठेवला.

"दाताचं काय न्हाय," तो म्हणाला. "दात मी करतो. पण आठ दिस मी सगळ्यांना सांगत हुतो, माझीच चूक म्हणून. तुमाला ऐकू येत हुतं. येत हुतं ना?"

"हो."

"मग बोलायचं हुतं की गं."

तो मला पहिल्यांदाच 'गं' म्हणाला, आणि तेही असं. मला रडू फुटलं. रडताना माणूस सुंदर वगैरे दिसत नाही, माझं नाक गळत होतं.

"का दिली न्हाईस खूण?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. "तुम्ही बार्शीला निघालात, याचा राग आला म्हणून. मला ते बघणं नको होतं. सरळ सांगायची हिंमत नव्हती, म्हणून बॉल टाकला. तोंडावर बसेल असं वाटलं नव्हतं… पण टाकला मीच."

त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"मामा, उद्याचं ऱ्हाऊ द्या. मी येत न्हाय… न्हाय न्हाय, दातामुळं न्हाय. मुलगी बघितली मी. हितंच, शेजारच्या गच्चीवर… व्हय, तीच. जिच्या बॉलनं दात पडला, ती."

पलीकडून मामांचा खणखणीत आवाज आला, "अरं पण चुकून पडला न्हवं?"

पृथ्वीराजने माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला. तो वाचवणार नव्हता मला, आणि ते बरोबरच होतं.  खाली अंगणात अक्कम्मा भांडी घासायच्या थांबल्या होत्या.

"मुद्दाम टाकला होता, मामा," मी म्हणाले. "त्यांचं काही चुकलं नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

 मामा म्हणाले, "बरं. कुणाची गं तू?"

मी नाक पुसलं आणि आधी आमच्या गावाचं, वेळापूरचं, नाव सांगितलं, मग वडिलांचं.