सावली न पाडणारा उजेड

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी त्या खोलीत होते. माझ्या उजव्या गालाचं हाड अजून थंडीत ठणकतं, ते त्या दुपारपासूनच.

हो, दुपार. भुतं फक्त रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं. रविवार होता. जेवणाची वेळ टळून गेली होती. खाली रस्त्यावर मुलं सायकली फिरवत होती. आणि वर, माझ्या भावाच्या दुकानावरच्या खोलीत...

थांबा. आधी बाहुल्यांचं सांगते.

माझा भाऊ घड्याळजी. साठी उलटली तरी घरात त्याला सगळे ‘धाकटा’च म्हणायचे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर खाली घड्याळं उघडायची आणि संध्याकाळी वर येऊन आपल्या बाहुल्या पुसायच्या, हा त्याचा दिनक्रम. शिशाचे शिपाई, चिनीमातीच्या नाचणाऱ्या मुली, लाकडाचे चिमुकले घोडे. भावजय गेल्यावर तर त्याला दुसरं काही सुचायचंच नाही. बाहुल्यांना जेवायला वाढायचं तेवढं बाकी होतं.

मला त्याचं हसू यायचं आणि बरंही वाटायचं. आम्ही लहान होतो तेव्हा घरात एकच बल्ब होता. लांब वायर लावलेला. आई स्वयंपाक करायला लागली की तो स्वयंपाकघरात, बाबा जेवायला बसले की बाहेर. बल्ब हलला की भिंतीवरच्या सावल्या पळायच्या आणि धाकटा त्यांना पकडायला धावायचा. तो पडला की मी फुंकर घालायची. पुढे मी नर्स झाले आणि जन्मभर फुंकरच घालत राहिले.

तर, मेणाच्या बाहुल्या.

मेणकाम करणारा एक कारागीर वारला आणि त्याची बायको सामान विकायला काढत होती. धाकट्याला कुणकुण लागली. मला म्हणाला, “अक्का, चल ना. एकट्याला बाईमाणसाशी बोलायला अवघडल्यासारखं होतं.”

बाई बारीकशी. तिने काचेचं एक कपाट दाखवलं. आत अख्खी गल्ली उभी होती. शिंपी, न्हावी, मास्तर, पत्रं वाटणारी बाई, कडेवर मूल घेतलेली शेजारीण. वीत-वीतभर उंचीचे सगळे. इतके हुबेहूब की धाकट्याचा श्वासच अडकला.

मी मात्र बाहुल्यांकडे पाहिलंच नाही. मी बाईकडे पाहत होते.

तिचा उजवा जबडा वाकडा जुळला होता. उजव्या कानाची पाळी फाटून सांधलेली. उजवी भुवई दोन ठिकाणी तुटलेली. पडून असं होत नाही. पडलेला माणूस सगळीकडून सोलवटतो. एकाच बाजूने मोडलेला चेहरा मारलेला असतो... आणि मारणारा डावखुरा असतो.

तिने माझी नजर ओळखली. आम्ही निघताना धाकट्याला म्हणाली, “दिवा एकच ठेवा. विझवू नका. समोरून. मागच्या फळीवर सावल्या नीट पडल्या पाहिजेत.”

“का हो?”

“घरात शांतता राहते,” बाई म्हणाली.

धाकट्याला वाटलं, कलावंताच्या घरची पद्धत असेल. त्याने कपाट वरच्या खोलीत नेलं आणि समोर एका स्टँडवर तारेचा पिवळा बल्ब लावला, तो रात्रीही विझवायचा नाही. खिडक्यांना जाड काळे पडदे होतेच. उन्हाने रंग उडतात म्हणून तो ते कधी बाजूला करायचा नाही. त्या खोलीत दुपार आणि रात्र यांत काही फरकच नसायचा.

पाहुणे आले की तो एक गंमत दाखवायचा. “मागच्या फळीवर बघा. बाहुल्यांपेक्षा सावली एक जास्त आहे.”

आणि खरंच होती. शेजारणीच्या पलीकडे, जिथे कुणीच उभं नव्हतं, तिथे रुंद खांद्यांच्या माणसाची सावली पडायची.

“काचेचा खेळ आहे,” तो म्हणायचा.

मी त्या सावलीकडे पाठ करून बसायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांचं नाक खाली आलं. मग शिंप्याची बोटं एकमेकांना चिकटली. बल्बची धग मेणाला सोसत नव्हती. धाकटा कासावीस झाला. घरातलं माणूस आजारी पडावं तसा.

त्याने वायरमनला बोलावलं. त्या वायरमनला अख्खी गल्ली ‘शॉकप्रूफ’ म्हणायची, कारण तो तारेला बोट लावून करंट तपासायचा. त्याने बल्बवर हात धरून पाहिला आणि डोळे वटारले.

“काका, तुम्ही बाहुल्या ठेवल्यात की भाजायला घातल्यात?”

“मग काय करू, तू सांग.”

“एलईडीच्या पट्ट्या. उष्णता जवळपास नाहीच. रंगही उडत नाहीत. जो भाग तापतो तो कपाटाच्या बाहेर बसवतो. पट्ट्या वर, खाली आणि दोन्ही कडांना, त्यांच्यावर दुधी झाकण. उजेड असा पसरेल की सावलीचं नाव नाही. एकदम सेफ.”

“सावली पडणार नाही?”

“औषधालासुद्धा नाही.”

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. “त्या बाई म्हणाल्या होत्या...”

“त्या बाईंना मास्तरांचं नाक दाखवा,” शॉकप्रूफ म्हणाला. आम्ही तिघंही हसलो.

शनिवारी सकाळी त्याने काम संपवलं. बटण दाबलं आणि मीसुद्धा “वा!” म्हणाले. प्रत्येक चेहरा स्वच्छ दिसत होता. शेजारणीच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा. तेव्हाच पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की सगळ्या बाहुल्या एकाच दिशेला पाहत होत्या... पलीकडच्या रिकाम्या जागेकडे.

मागची फळी कोरी होती. एकही सावली नव्हती.

आम्ही चहा प्यायला खाली आलो. शॉकप्रूफ हत्यारं आवरायला वरच थांबला.

आधी त्याची शीळ ऐकू येत होती.

मग ती थांबली.

मग... चट्!

थोबाडीत मारल्याचा आवाज. तो ओळखायला मला दुसऱ्यांदा ऐकावा लागत नाही.

चट्! चट्!

आम्ही धावत वर गेलो. शॉकप्रूफ भिंतीशी बसला होता. तोंडातून रक्त आणि दोन दात शर्टावर. जबडा एका बाजूला लोंबत होता. त्याला बोलता येत नव्हतं. तो नुसता आमच्या मागे बोट दाखवत होता. मागे कुणी नव्हतं.

“स्टुलावरून पडला,” धाकटा म्हणाला.

स्टूल सरळ उभं होतं. जबडा उजवीकडून मोडला होता.

मी त्याला इस्पितळात नेलं. परत आले तेव्हा धाकट्याला म्हटलं, “आजच्या आज माझ्याकडे चल. कपाटाला कुलूप घाल आणि चल.”

“अक्का, नर्स होतीस ना तू? कधीपासून असल्या गोष्टींवर विश्वास?”

“नर्स होते म्हणूनच सांगते. तो मार होता.”

“कुणाचा?”

मी वरच्या खोलीकडे बोट केलं. तो हसला. “उद्या ये जेवायला. दिव्यांत मास्तर किती रुबाबदार दिसतात ते निवांत बघ.”

रात्रभर माझा डोळा लागला नाही. पाठचा एकुलता एक भाऊ. त्याच्याशिवाय मला अक्का म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

रविवारी मला निघायला उशीरच झाला. जिना चढताना खोलीतून आवाज आला. वस्तू पडल्याचा नाही. कणीक तिंबतात तसा. जड, ओला, एकसारखा...

दार ढकललं.

उजेडाने डोळे दिपले. कपाटाची काच फुटलेली. धाकटा त्याच्यापुढे गुडघ्यांवर होता आणि त्याचं डोकं उजवीकडून फटका बसावा तसं हिसडत होतं. पुन्हा. पुन्हा. खोलीत तो एकटा होता.

मला वाटलं, शॉक! करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी वीज तोडायची. हे हाडात मुरलेलं. मी दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला.

मागे दार लोटलं गेलं होतं, गुडुप्प अंधार झाला.

शॉक असता तर सगळं तिथेच थांबलं असतं.

धप्... धप्... धप्...

आवाज चालूच राहिला. फरक एवढाच की आता मला कुणाचा तरी श्वासही ऐकू येत होता. जड, दमलेला श्वास. मेहनतीचं काम करणाऱ्या माणसाचा.

“सोड त्याला!” मी ओरडले.

आवाज थांबला.

पावलं माझ्याकडे वळली... सावकाश.

पहिला तडाखा उजव्या गालावर बसला. हाड मोडल्याचं मी आतून ऐकलं. मी पडले तशी केसांना धरून मला उठवलं गेलं. तळहात गरम होता. बोटांवर मेणाचा चिकट थर. कपाळ भिंतीवर आपटलं. एकदा, मग आणखी. तेवढ्यात धाकट्याने “अक्का” अशी हाक मारली, आणि केसांवरची मूठ सुटली.

मारणारा पुन्हा धाकट्याकडे निघाला होता.

मी रांगत सुटले. वीज परत चालू करायची, एवढंच डोक्यात होतं. मेन स्विच चाचपून वर केला. पण कपाटाच्या पट्ट्या लागल्या नाहीत, अंधारातल्या झटापटीत त्यांची वायर तुटली असावी. खोली काळीच. मागे धाकट्याचा घसा घरघरत होता. गळा आवळलेल्या माणसाचा आवाज. अशा वेळी फारसा अवधी नसतो.

हाताला काहीतरी उभं लागलं. कोपऱ्यात सरकवलेला जुना स्टँड. धाकट्याने त्याची पिन बोर्डातून काढलीच नव्हती. मी स्टँड कपाटाकडे वळवला आणि बटण दाबलं.

पिवळा उजेड पडला.

मागच्या फळीवर सावल्या उमटल्या. शिंपी. न्हावी. मास्तर. पत्रवाली. शेजारीण.

आणि मग, काही क्षणांनी... ती जास्तीची.

ती धापा टाकत होती. सावलीचे खांदे वर-खाली होत होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हळूहळू ते थांबले. घरघर बंद झाली. धाकट्याने मोठा श्वास घेतला.

तो वाचला. जबडा तारांनी बांधला. उजवा डोळा मात्र गेला. ज्या डोळ्याला भिंग लावायचा तोच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “सिस्टर, खरं सांगा, कुणी मारलं?” मी म्हटलं, “स्टुलावरून पडला.” कितीतरी बायकांच्या तोंडून हेच वाक्य मी ऐकलं होतं. त्या असं का म्हणायच्या, ते त्या दिवशी मला कळलं.

शॉकप्रूफ गल्लीत पुन्हा दिसला नाही. त्याची आई सांगते, तो आता विजेचं काम करत नाही.

कपाट जाळून का टाकलं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही तेच म्हणाले होते. धाकट्याने पाटीवर लिहून विचारलं, “बाहुल्या गेल्या तर तो कुठे उभा राहील?”



मी माझं घर बंद करून त्याच्याकडे राहायला आले. तो बल्ब आम्ही विझवत नाही. वीज गेली तर स्टँडवर कंदील टांगायचा आणि तिथून हलायचं नाही. आम्ही आळीपाळीने बसतो. मी विणते, धाकटा एका डोळ्याने घड्याळं उघडतो.

बल्ब उडाला की नवा आणायचा. परवा दुकानदार म्हणाला, “आजी, हे आता येत नाहीत. शेवटचेच राहिलेत. तुम्ही एलईडी का नाही घेत? सेफ असतात.”

होते नव्हते तेवढे मी सगळे उचलून आणले.

पण मला काळजी बल्बची नाही. धगीची आहे. मास्तरांचा चेहरा आता राहिलाच नाही. न्हावी गुडघ्यांत वाकलाय. काल पत्रवालीची मान खांद्यावर कलली, आणि आज सकाळी फळीवर पाहिलं तर तिच्या सावलीचा नुसता गोळा झालाय.

सगळ्यांच्या सावल्या बसत चालल्यात.

त्याची मात्र... रोज थोडी उंच होते आहे.