भोंगा थांबवणारा हात

"मामाला मी मारलं का, एवढंच मला सांगा."

दारातून आत पाऊल टाकताच ती मुलगी हे बोलली आणि भाऊजींच्या हातातला कप बशीवर आपटला. चहा सांडला तो त्यांच्याच पँटवर. एरवी यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्या मुलीचा चेहरा बघून त्यांनी नुसता रुमाल काढून डाग टिपला.

वहिनींनी तिला हाताला धरून बसवलं. वहिनी खासगी तपास करत. सारी गल्ली त्यांना वहिनीच म्हणे, पण सख्खे दीर एकच, ते म्हणजे भाऊजी. बँकेतून लवकर निवृत्त होऊन ते वहिनींची गाडी चालवत आणि तपासात मदत करत. 'मदत' हा शब्द त्यांचा होता, वहिनी तो कधी वापरत नसत.

मुलीच्या मागोमाग तिचा नवरा आला. काखेत तिची पर्स, हातात तिचा स्वेटर. "सारखी हेच म्हणतेय," तो म्हणाला. "झोप नाही, जेवण नाही. मामांनीच वाढवलंय तिला."

"काय झालं ते पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

मामा बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. बर्फ करायला अमोनिया वायू वापरतात. तो गळला आणि छातीत गेला तर माणूस वाचत नाही, म्हणून मशीनरूममध्ये वायू हुंगणारे सेन्सर बसवलेले होते. त्यांच्या तारा एका संगणकातल्या कार्डात येत. शुक्रवारी वायू गळला. पडद्यावर दिवा हिरवाच राहिला. मामा नेहमीची फेरी मारायला आत गेला आणि दारापर्यंतसुद्धा परत येऊ शकला नाही.

"तो संगणक मी सांभाळते," मुलगी म्हणाली. "माझ्याच अपडेटमुळे अलार्म आंधळा झाला, असं मालक म्हणतात. खरंच असेल ते."

"कसं? भाऊजींना कळेल असं सांग."

"संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे. त्याचा गाभा म्हणजे कर्नल. कार्डशी बोलणारं मॉड्यूल, म्हणजे छोटा प्रोग्राम, बाहेरच्या कंपनीचं, पण ते त्या गाभ्याच्या आत जाऊन बसतं. कर्नलचं अपडेट आलं की आतली मांडणी बदलते. म्हणून प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल नव्यानं बनवावं लागतं."

"नव्या शर्टाला जुनी बटणं, तसं?" भाऊजींनी विचारलं.

"काजं भलत्याच जागी, भाऊजी. बटण लागणारच नाही," वहिनी म्हणाल्या. "पुढे?"

"मॉड्यूल बनलं नाही, अशी एक ओळ पडद्यावर आली होती. एवढ्या ओळींत ती वाचायची राहिली माझ्याकडून." तिनं डोळे पुसले. "नवा कर्नल संगणक बंद करून चालू केल्यावरच कामाला लागतो. तोवर जुनाच चालतो. म्हणून लगेच काही कळलं नाही."

"ते कार्ड आमच्याच कंपनीचं," नवरा हळूच म्हणाला. "मॉड्यूल मीच बघतो. नव्या कर्नलसाठी दुरुस्ती चाललीच होती. म्हणून मलाही जास्त लागलंय."

"मॉड्यूल नसेल तर काय होतं?" वहिनींनी मुलीकडे बघत विचारलं.

"लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. ते मीच बसवलं होतं, मामाच्या हट्टावरून. तो म्हणायचा, मुकं यंत्र मला नको. पण तोही वाजला नाही. म्हणजे तेही माझंच चुकलं."

"आणि जुनंच मॉड्यूल नव्या कर्नलमध्ये घातलं तर?"

"कर्नल नकार देतो. बळजबरी करता येते, पण जाणता माणूस करत नाही. बसलं तरी ते काय वाचेल याचा नेम नाही. शिवाय कर्नल स्वतःवर डाग लावून घेतो, म्हणजे तशी खूण नोंदवून ठेवतो. बाहेरचं मॉड्यूल आलं की एक डाग, बळजबरीनं आलं की वेगळा. संगणक बंद होईपर्यंत ते निघत नाहीत."

नवऱ्यानं घड्याळ पाहिलं. "वहिनी, तिला जरा आराम हवाय."

"चहा तरी घे गं," वहिनी म्हणाल्या.

"गरम नको. दाढ काढलीय." तिचा उजवा गाल किंचित सुजलेला होता. भाऊजींना तो रडण्यामुळे सुजलाय असं वाटलं होतं.

"कधी काढली?"

"त्याच आठवड्यात, सोमवारी," उत्तर नवऱ्यानं दिलं. "दुपारभर आत होती. मी बाहेर बसून लॅपटॉपवर काम उरकत होतो. नंतर दोन-तीन दिवस तिला धड बोलताही येत नव्हतं, घरीच होती."

जाताना त्यानं पर्स पुन्हा काखेत मारली. भाऊजी म्हणाले, "काय जपतो हो बायकोला!"

वहिनींनी गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

कारखान्याचे मालक फाटकातच उभे होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. माणूस कडक असेल, पण हादरला होता हे दिसत होतं.

"माझ्या वडिलांच्या वेळचा ऑपरेटर तो," ते म्हणाले. "त्याच्या हाताखाली मी मशीन शिकलो. त्या पोरीवर मी ओरडलो, मान्य आहे. पण अपडेट कुणी केलं? तिनंच ना?"

"संगणक बंद कधी केला होता?"

"शुक्रवारी नाही. कधीच बंद नसतो." ते थांबले. "हां, सोमवारी दुपारी बॅटरी बदलली. तेव्हा केला होता. पण नंतर नीट सुरू झाला की! हिरवा दिवा मी स्वतः बघितला."

"लगेच?"

"मी जेवून आलो तेव्हा हिरवाच होता."

संगणकाची खोली त्यांनी विम्याच्या माणसांसाठी कुलूपबंद करून ठेवली होती. आत संगणक चालूच होता. वहिनींनी मुलीनं सांगितलेली एक छोटीशी आज्ञा टंकली आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"एक नाही, दोन डाग आहेत, भाऊजी."

"फडकं आणू?"

"राहू द्या. हे पुसले जाऊ नयेत म्हणूनच देवाची प्रार्थना करा."

मामाचा पाळीतला जोडीदार कंप्रेसरशेजारी स्टुलावर बसला होता. वहिनींनी विचारण्याआधीच तो बोलू लागला. "त्या फेरीची पाळी माझी असती तर मी गेलो असतो, बाई. रोज तेच मनात येतं."

"त्या आठवड्यात काही वेगळं घडलं होतं?"

"काही नाही. उलट सगळं शांत. पूर्वी पडद्यावरचा आकडा सारखा वरखाली व्हायचा, दार उघडलं तरी हलायचा. त्या आठवड्यात एका जागी ठप्प. आम्ही म्हटलं, नवीन बॅटरीनं गुण दाखवला."

"आणि भोंगा?"

"तो सोमवारीच काय तो बोंबलला. बॅटरी बदलून चालू केलं आणि सुरू झाला. कान किटले. दादा, म्हणजे पोरीचा मामा, फोन लावायला बाहेर गेला, आणि थोड्या वेळानं बंद झाला."

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. "पण पोरगी तर म्हणाली..."

"हळू, भाऊजी."

घरी मामी भिंतीला टेकून बसली होती. समोर मामाचा चष्मा होता, तो ती सारखी पुसत होती. "पोरीला दोष देऊ नका," ती म्हणाली. "सोमवारी घरी येऊन हे किती कौतुक करत होते तिचं! म्हणाले, पोरीच्या फोनवर फोन केला आणि भोंगा गप. पोरीच्या हातात जादू आहे."

"पोरगी स्वतः बोलली त्यांच्याशी?"

"तिच्याच फोनवर केला म्हटल्यावर दुसरं कोण बोलणार?"

खाली उतरताना जिन्यातच नवरा भेटला. मामीसाठी औषधं घेऊन येत होता. वहिनींनी सहज विचारलं, "तुमचं काय मत? भोंगा का नाही वाजला?"

"मॉड्यूल जुळलं नाही, सगळंच बंद पडलं असणार. एकदाही वाजला नाही बिचारा. मी तिला रोज सांगतो, झालं ते झालं, चूक माणसाकडूनच होते."

गाडीत बसल्यावर भाऊजींनी आपला निष्कर्ष जाहीर केला. "मालक! भोंग्याची कटकट नको म्हणून वायर तोडली त्यानं."

"वायर तोडली असती तर दिवा लालच राहिला असता. दिवा हिरवा होता, भाऊजी. मला खटकतोय तो हा हिरवा दिवाच."

संध्याकाळी सगळे मामीच्या खोलीत जमले. मामी, मुलगी आणि तिचा नवरा, मालक, जोडीदार. बसायला जागा कमी होती, भाऊजी दारातच उभे राहिले.

वहिनी मुलीसमोर बसल्या. "तू विचारलंस, मामाला मी मारलं का. आधी तुझ्या वाट्याचं सांगते. ती ओळ वाचायची तुझ्याकडून राहिली, हे खरं. सोमवारी बॅटरी बदलली, संगणक नव्या कर्नलवर सुरू झाला, आणि मॉड्यूल नव्हतं. पण मग काय झालं?"

"काहीच नाही. म्हणून तर..."

"भोंगा वाजला."

मुलगी बघतच राहिली. "काय?"

"कान किटेपर्यंत वाजला, ताई," जोडीदार म्हणाला. "तुला माहीत नाही? तूच तर थांबवलास ना?"

"मी?"

"तू बसवलेल्या भोंग्यानं आपलं काम चोख केलं," वहिनी म्हणाल्या. "तो कुणी तोडला नाही. त्याला फसवलं. मॉड्यूल जागेवर आहे की नाही, एवढंच तो बघतो. कुणीतरी जुनं मॉड्यूल नव्या कर्नलमध्ये बळजबरीनं कोंबलं. भोंगा गप्प झाला, दिवा हिरवा झाला. पण मॉड्यूल भलत्याच जागेवरून वाचत होतं, म्हणून आकडा हलेनासा झाला. सेन्सर हुंगत होते, पण त्यांचं कुणाला ऐकूच येत नव्हतं. बळजबरीचा डाग मी आज माझ्या डोळ्यांनी पाहिला."

मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि तो आकडा रोज बघून मी निर्धास्त झोपायचो!"

"हे तुमच्याच्यानं होणारं काम नव्हे. हे लांबून लॅपटॉपवरूनही करता येतं, पण संगणकाचा पासवर्ड हवा आणि मॉड्यूलची जाण हवी. अशी माणसं दोनच. मामांनी भाचीच्या फोनवर फोन केला आणि भोंगा थांबला. सोमवारी दुपारी. त्या वेळी भाची कुठे होती?"

मुलगी पुटपुटली, "दातांच्या डॉक्टरकडे. आत खुर्चीवर." तिचा हात नकळत गालाकडे गेला. "फोन पर्समध्ये होता."

"आणि पर्स?"

सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी वळल्या. पर्स नवऱ्याच्या मांडीवर होती.

भाऊजींना आपलंच वाक्य आठवलं. या माणसाचं आपण कौतुक केलं होतं, तेही वहिनींच्या देखत.

"जिन्यात तुम्ही म्हणालात, भोंगा एकदाही वाजला नाही," वहिनी म्हणाल्या. "मालक जेवायला गेले होते, त्यांना तो ऐकू आला नाही. बायकोला माहीत नव्हतं. तुम्ही मात्र तो ऐकला होता, फोनमधून. मग खोटं का बोललात?"

नवरा पर्सच्या पट्ट्याशी चाळा करू लागला. "दोनच दिवसांचा प्रश्न होता," तो म्हणाला. "नवं मॉड्यूल होतच आलं होतं. आमच्या मॉड्यूलमुळे कारखाना थांबला असता तर कंपनीत माझी धडगत नव्हती. म्हटलं, भोंगा तेवढा थांबवू, दोन दिवसांत नीट करून टाकू. मग दुसरंच काम आलं आणि..."

"विसरलास?" मुलगी म्हणाली.

त्यानं मान खाली घातली.

"आठवडाभर मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडतेय. मी मामाला मारलं म्हणतेय. आणि तू मला थोपटत होतास?"

"मी सांगणार होतो. रोज सांगणार होतो."

मामीच्या हातातला चष्मा खाली पडला. तो उचलायचं कुणाला सुचलं नाही.

वहिनींनी मुलीचा हात घट्ट धरला. "ऐक. चूक तुझीही झाली. पण तुझ्या चुकीला भोंगा होता. तू तो आधीच बसवून ठेवला होतास, मामासाठी. यांच्या चुकीला भोंगा नव्हता, आणि तो नसावा अशी तजवीज यांनी स्वतः केली. तू नाही मारलंस मामाला."

मुलगी रडली नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"काय म्हणाला मामा फोनवर?"

"जाऊ दे ना आता."

"सांग."

त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं. "मी म्हटलं, ती आत आहे, दाढ काढतायत. तर म्हणाले, 'मग तिला काही सांगू नका. उगाच दुखणं घेऊन धावत येईल. तुम्ही एवढं बघा, आणि नाव तिचंच होऊ द्या.'"

मामीनं तोंडाला पदर लावला. मालक उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

मुलगी उठली. नवऱ्याच्या मांडीवरची आपली पर्स तिनं उचलली. वाटेत खाली पडलेला चष्मा घेतला, स्वतःच्या ओढणीनं पुसला आणि मामीच्या हातात दिला. मामीनं सरकून तिला शेजारी जागा करून दिली.