पेंटरच्या खिशातलं पत्र

लॉन्ड्रीच्या काउंटरवर लोक दोनच कारणांनी परत येतात – बटण तुटलं म्हणून, नाहीतर डाग राहिला म्हणून. त्या पावसाळी दुपारी पेंटर परत आला तो तिसऱ्याच कारणाने.

"तुमचं काहीतरी माझ्याकडे आलंय," छत्री दाराशी टेकवत तो म्हणाला.

काउंटरमागच्या मुलीने मान वर न करताच विचारलं, "मोजा?"

"पत्र."

हातातली इस्त्री उभी करायचंही तिला सुचलं नाही. उशीच्या अभ्र्यावर तांबूस ठसा उमटला, जळका वास आला, तेव्हा कुठे ती भानावर आली. काउंटरवर कॉलेजचं लांब पाकीट होतं. हेच पाकीट नऊ दिवसांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने खळीच्या डब्याखाली दडवलं होतं!

"तुम्ही वाचलंत?"

"माझ्या शर्टाच्या खिशात होतं. मला वाटलं, मलाच आहे."

"पाकिटावर माझं नाव आहे."

"खिसा माझा होता," तो शांतपणे म्हणाला. "पण दोन ओळी वाचल्या आणि कळलं, मी काही भूगर्भशास्त्राला अर्ज केलेला नाही."

हसू येत होतं. तिने ते मोठ्या कष्टाने गिळलं.

पेंटर समोरच्या टेलरच्या वरच्या खोलीत राहायला येऊन चार महिने झाले होते. गावभर दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि दर आठवड्याला पाच शर्ट आणून टाकायचा. बाहीवर लाल शिंतोडे असले की दवाखाना, निळे असले की शाळा... त्याचा आठवडा कसा गेला, हे तिला त्याच्याआधी त्याचे शर्ट सांगायचे. बोलणं मात्र "कधी मिळतील?" आणि "परवा" यापलीकडे कधी गेलं नव्हतं.

"शेवटची तारीख चार दिवसांवर आलीय," तो म्हणाला. "उत्तर पाठवलंत?"

"हळू बोला... आई मागे आहे." तिने पाकीट ओढून घेतलं. "तिला सांगितलंय, यादीत नाव लागलं नाही म्हणून."

"का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काहीच नाही. फक्त परवापर्यंत आईंना खरं सांगा. नाहीतर मी रोज एक शर्ट घेऊन येईन."

"ही धमकी आहे?"

"तुमच्यासाठी धमकी," छत्री उघडता उघडता तो म्हणाला, "माझ्यासाठी सोय."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. तिने शर्ट उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"स्वच्छ आहे हा. डाग कुठाय?"

त्याने पिशवीतून ब्रश काढला आणि बाहीवर हिरवा ठिपका टेकवला. "हा काय."

या वेळी हसू गिळता आलं नाही.

बाहेर सर जोराची आली, म्हणून तो बाकावर टेकला. मागच्या खोलीत यंत्र घरघरत होतं, वरच्या दोऱ्यांवर दमट चादरी लोंबत होत्या. आणि मग, कसं कोण जाणे, ती बोलायला लागली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी हिने शिक्षण थांबवून दुकान धरलं होतं. एक वर्ष म्हणता म्हणता दोन झाली. आता विशी आली होती, आणि कॉलेज अकरा तासांवर.

"मी गेले तर तिचं कसं होणार?"

"आणि तुमचं?"

ती कॉलरवरून नुसतंच बोट फिरवत राहिली.

"मी घर सोडलं ना," पेंटर म्हणाला, "आठ दिवस घास उतरत नव्हता. नवव्या दिवशी बसलो आणि एकदम तिघांचं जेवलो. अजूनही आठवण येते, पण जेवण जातं."

"मला खरी भीती वेगळीच वाटते." आवाज अगदी बारीक झाला होता. "माझ्यावाचून तिचं अडलं तर वाईट वाटेल... आणि नाही अडलं, तर? म्हणजे ही दोन वर्षं मी नसते तरी चाललं असतं, असंच ना?"

तो हसला नाही. हसला असता तर ती पुन्हा कधी बोलली नसती.

"हे तू आईंनाच विचार," तो म्हणाला. मग चपापला. "तुम्ही... म्हणजे—"

"राहू दे," ती म्हणाली. "'तू'च बरं वाटतं."

सकाळी चादरींच्या घड्या घालताना तिने धीर केला. दोन टोकं हिच्या हातात, दोन आईच्या. दोघी एकमेकींकडे चालत येत होत्या.

"आई, यादीत नाव लागलंय माझं."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "तुझी बाजू ताण जरा."

"ठाऊक आहे?"

"वीस वर्षं लोकांचे खिसे तपासतेय मी. माझ्याच घरातल्या खळीच्या डब्याखाली काय आहे ते कळणार नाही मला?"

तिच्या हातातून टोकं सुटली. "म्हणजे त्या खिशात पत्र तू—"

"मीच घातलं. मी विषय काढला असता तर तू म्हणाली असतीस, तुझ्यासाठी राहते. मग मी रडले असते, तू रडली असतीस, आणि कामं तशीच पडली असती. म्हटलं, तिसऱ्या कुणीतरी विचारलेलं बरं."

"पण त्याच्याच खिशात का?"

"त्याच्या शर्टाला तू दोनदा इस्त्री करतेस. बाकीच्यांच्या कॉलरी एकदा तरी धड करत जा."

तिचे कान गरम झाले. आईने चादर उचलून तिच्या हातात परत दिली आणि या वेळी सोडली नाही.

"ऐक. तुझी मावशी येतेय राहायला, बोलणं झालंय आमचं. तरी माझं अडणारच आहे. दोन-चार महिने मी चिडेन, हाका मारेन तुझ्या नावाने, मग हळूहळू सवय होईल. पण सवय झाली म्हणजे तू नकोशी झालीस, असं नसतं गं. तुला मी इस्त्री करायला जन्माला घातलेलं नाही. जा, दगडं शिकून ये."

"भूगर्भशास्त्र, आई."

"तेच ते."

तिने चादरीत तोंड खुपसलं ते बराच वेळ वर काढलं नाही. आईने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "झालं, ही आता परत धुवा."

उत्तर त्याच दिवशी गेलं. नंतरचे तीन आठवडे कसे गेले ते कळलंच नाही. संध्याकाळी पेंटर यायचा, कधी शर्टासकट, कधी बिनशर्टाचा... म्हणजे हातात शर्ट नसताना! तिच्या तोंडून निसटलेल्या या वाक्यावर आई तीन दिवस हसत होती. ट्रंकेत कपडे रचताना तिला कधी उडी मारावीशी वाटायची, कधी सगळं उपसून ठेवावंसं वाटायचं. वाफेच्या वासाचा, यंत्राच्या घरघरीचा, आईच्या अखंड बडबडीचा तिला पूर्वी कंटाळा यायचा. आता मन एकेकाला मुकाट्याने नमस्कार करत होतं. केवढं दिलं होतं या दोन खोल्यांनी!

निघायच्या दिवशी त्याने ट्रंक बसच्या टपावर चढवली आणि खाली, तिच्या खिडकीपाशी उभा राहिला. आई शेजारीच, उगाचच दुसरीकडे बघत.

"पत्र लिहीन," तो म्हणाला. "अक्षर तेवढं चांगलं आहे माझं."

"मी पण लिहीन." इंजिन सुरू झालं. आता नाही तर कधीच नाही... तिने काच पूर्ण सरकवली. "मला तू आवडतोस."

"काय?" त्याने कानामागे हात धरला.

"आवडतोस तू मला!"

"ऐकू येत नाहीये!"

दारात लटकलेला कंडक्टर वैतागला. "अहो, त्या म्हणतायत, तुम्ही आवडता त्यांना! सोडू आता गाडी?"

सगळी बस हसली. पेंटरचा चेहरा पार फुलला. "त्यांना सांगा—"

"मी काय पोस्टमन आहे? तुम्हीच सांगा!"

बस हलली. तो खिडकीला धरून चार पावलं धावला. "मलाही! पहिल्या शर्टापासून!"

गाडी वळेपर्यंत ती बाहेर वाकून बघत राहिली. स्टँडवर दोघं शेजारी शेजारी उभी होती. आई हातवारे करत त्याला काहीतरी दटावत होती, तो शहाण्यासारखा मान डोलवत होता. मग आईने पदर डोळ्यांना लावला आणि त्याने हलकेच तिचा हात धरला.

तिला रडू आलं, पण ते तिला हवं होतं तसंच आलं, हसता हसता. खिडकीतून गार वारा येत होता. तिने काच लावली नाही.