बॅटरी कोण खातंय?

रचूनच सांगायचं असतं, तर मी काळोखी रात्र घातली असती. पण हे घडलं रविवारी, टळटळीत दुपारी, माझ्या आतेभावाच्या गॅरेजमध्ये.

आतेभाऊ गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. सगळे त्याला 'मीटर' म्हणतात. माणसाच्या शब्दावर त्याचा काडीचा विश्वास नाही. त्याच्या जुन्या मीटरचा काटा बोलेल तेच खरं.

त्या दुपारी त्याची मोठी बहीण गाडी घेऊन आली. गाडी जुनीच, पण तिनं आणि भाऊजींनी नुकतीच घेतलेली. शेजारची सीट रिकामी, आणि भाऊजी मागे तोंड पाडून बसलेले.

मीटरच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

"रोज सकाळी बॅटरी लो दाखवते," ताई म्हणाली. "नवी टाकली, तरी तेच. आणि शेजारची सीट रोज मागे रेललेली."

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्या उशाखाली. पण दुसरी करून घ्यायला कितीसा वेळ लागतो? रात्री गाडीत गाणी ऐकत बसतं कुणीतरी... कुणालातरी शेजारी घेऊन."

भाऊजींनी मागची काच वर केली.

"खरं निघालं तर मी आईकडे येऊन राहणार," ती भावाच्या कानाशी पुटपुटली. "तूच काय ते बघून सांग."

बहिणीचा संसार आता मीटरच्या काट्यावर येऊन ठेपला होता. आणि खरं सांगायचं तर त्यालाही वाटून गेलं... भाऊजी म्हणजे गोगलगाय अन् पोटात पाय तर नव्हे?

दोघांना उतरवून, गाडी आपल्या व्हॅनशेजारी लावून तो कामाला लागला. बॅटरी ठणठणीत. चार्जिंगही व्यवस्थित. त्यानं किल्ली फिरवली...

टिण... टिण... टिण...

समोर सीटबेल्टचा लाल दिवा. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, की तो लागतो.

शेजारी कुणीच नव्हतं.

अशा वेळी गॅरेजवाले करतात तेच त्यानं केलं. रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि खटकन लावून टाकला.

टिणटिण थांबली.

मग किल्ली काढून, दारं लावून बॅटरीतून वीज किती जातेय ते पाहायला त्यानं मीटर जोडलं. बंद गाडीत काटा थोड्या वेळानं शून्यापाशी निजायला हवा.

काटा निजेना.

त्यानं एकेक फ्यूज काढून पाहिला. काटा ढिम्म. शेवटी सीटच्या सेन्सरचा फ्यूज काढला... काटा खाली. परत लावला... काटा वर.

"सापडला चोर," तो म्हणाला. "वजन ओळखणारा सेन्सर असतो सीटमध्ये. तो बिघडलाय. गाडीला वाटतं कुणीतरी बसलंय, म्हणून ती रात्रभर जागी राहते."

"आणि रेललेली सीट?"

"खटका सैल असेल."

ताईनं कितीतरी दिवसांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं.

सेन्सरच्या वायरची पिन काढायला मीटरनं दार उघडलं, सीटखाली हात घातला...

पिन आधीच काढलेली होती.

वायरच्या टोकांवर काळी टेप, टेपवर धुळीचा थर. आधीच्या मालकानंही हेच शोधलं होतं तर. पण मग सीटवर कुणी बसलंय, हे गाडीला सांगत कोण होतं?

त्यानं मान वर केली.

रिकाम्या सीटवर लावलेला बेल्ट पाठीला चिकटून सपाट पडतो. हा पुढे आलेला होता... कुणाच्या तरी पोटावरून गेल्यासारखा.

गादीही मधोमध दबलेली.

घाबरला की थट्टा करायची, ही त्याची लहानपणापासूनची खोड. त्यानं बेल्ट सोडवला, दार पूर्ण उघडून धरलं आणि म्हणाला, "उतरा, पाहुणे. आलं ठिकाण."

गादी... हळूहळू वर आली.

त्यानं दार लावलं. काटा शून्यावर जाऊन निजला.

"सेन्सरच होता," तो ताईला म्हणाला. "भाऊजींचा यात काही दोष नाही."

ताईनं किल्ली नवऱ्याच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसली. त्या दिवसापासून त्यांच्या गाडीनं एकदाही तक्रार केलेली नाही. दोघांचं उत्तम चाललंय.

दुसऱ्या सकाळी मीटरची व्हॅन सुरू झाली नाही.

जुना खटारा आहे तो. त्यात सेन्सरबिन्सर काही नाही.

शेजारची सीट मात्र मागे रेललेली होती.

तेव्हापासून तो रोज सकाळी बॅटरी चार्ज करतो. जगातल्या प्रत्येक गोष्टीला मीटर लावणाऱ्या या माणसानं स्वतःच्या व्हॅनला अजून मीटर लावलेलं नाही.

"तेव्हासारखं 'उतरा' म्हणून बघ की," मी म्हटलं.

त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

"व्हॅन माझ्या दारात उभी असते," तो म्हणाला. "आत आई एकटी असते. उतरून जाईल कुठे?"

काल तो मला घरी सोडायला निघाला. पुढची सीट रिकामी दिसत होती. तिचा बेल्ट लावलेला होता.

मी मुकाट्यानं मागे बसलो. तोही 'पुढे ये' म्हणाला नाही.